सिडकोतलं फिश टँकचं दुकान, डॅनिओ पाळायचे असतील तर नक्की जा

नाशिकला सिडकोत एका गल्लीत छोटंसं दुकान आहे, माझे झेब्रा डॅनिओ (छोटे पट्टेवाले मासे) तिथलेच आणि मनापासून सांगतो, माणूस खरंच जाणकार आहे. दोन मासे मागितले तर देतच नाही, म्हणतो "दादा हे घोळक्यात राहणारे मासे, कमीत कमी सहा न्या, नाहीतर एकमेकांच्या मागे लागतात". टाकी उंच नको लांब हवी कारण हे दिवसभर पळत असतात, आणि वर झाकण पाहिजेच, उड्या मारतात. माझी टाकी नवीन आहे कळल्यावर मासे दिलेच नाहीत, आधी स्पंज फिल्टर दिला, म्हणाला रोज चिमूटभर खाणं टाकत महिनाभर नुसता चालवा म्हणजे घाण पचवणारे जिवाणू त्यात वाढतात, पाण्याच्या टेस्टमध्ये अमोनिया आणि नायट्राइट (माशांना विषारी असतात) शून्य आले की या. गिऱ्हाईक असं परत पाठवणारा दुकानदार कुठे भेटतो सांगा!

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं म्हणून अँटी-क्लोरीन घ्यायला लावलं, दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं. हीटर मात्र उगाच गळ्यात मारला नाही, डॅनिओला १८ ते २५ डिग्री चालतं, शहरात घराच्या आत बहुतेक भागतं, पण निफाडकडची थंडी असेल तर हीटर घ्याच.

रेट थोडे जास्त वाटतील, व्हरायटी पण कमी, पण मासे तरतरीत असतात, कल्ले लाल नाहीत, पंख मिटलेले नाहीत. रविवारी गर्दी असते, विचारायला वेळ हवा असेल तर मधल्या वारी दुपारी जा.