डिझेल गाडीत इंधन किती फवारलं जातं: मोजायच्या वाटा आणि तुमच्यासाठी नेमकी कोणती

गाडीतलं कुठलंही यंत्र इंजेक्टरमधून बाहेर पडलेलं डिझेल प्रत्यक्ष मोजत नाही. स्कॅनरवर ‘इंजेक्शन क्वांटिटी ८.४ मिलीग्रॅम’ असं दिसतं तेव्हा तो ईसीयूने (इंजिन चालवणाऱ्या संगणकाने) दिलेल्या हुकमाचा आकडा असतो. पेडल किती दाबलंय, रेल प्रेशर (सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक पाइपातला दाब) किती आहे, इंजिन किती तापलंय हे बघून ईसीयू ठरवतो की या फवाऱ्यात इतकं डिझेल जायला हवं, मग तेवढ्या वेळापुरता इंजेक्टर उघडतो. तेवढं खरोखर गेलं का, हे त्याला थेट कळत नाही. इंजेक्टर नवा असेल तर हुकूम आणि प्रत्यक्ष यांत फरक थोडा पडतो. दीड-दोन लाख किलोमीटर झालेल्या इंजेक्टरची खात्री मी देणार नाही.

म्हणून खर्च करण्याआधी स्वतःला विचारा की तुम्हाला नेमकं काय शोधायचंय. अ‍ॅव्हरेज का घटलं? चार सिलिंडरपैकी एखादा आजारी आहे का? की इंजिनाचं वागणं मिलिसेकंदापर्यंत समजून घ्यायचंय? तिन्ही प्रश्नांची साधनं वेगळी आहेत.

मोबाइल अ‍ॅप आणि हवेवरून काढलेला अंदाज

ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीच्या तपासणीसाठी दिलेल्या जोडणीत) लावायचा ब्लूटूथ अडॅप्टर आणि फोनवरचं अ‍ॅप ही सगळ्यांत सोपी सुरुवात. पण अ‍ॅप इंधनाचा आकडा कुठून आणतं, ते आधी तपासा. गाडीने इंधनाचा आकडा दिला नाही, तर बरीच अ‍ॅप्स एअरफ्लो सेन्सरवरून हवा घेतात, तिला हवा-इंधनाच्या ठरावीक गुणोत्तराने भागतात आणि लिटर दाखवतात. पेट्रोल इंजिनात हे बऱ्यापैकी जमतं, कारण तिथे ते गुणोत्तर १४.७ च्या आसपास राखलेलं असतं. डिझेलमध्ये हवा मोकळी येते आणि ताकद फक्त इंधन कमी-जास्त करून ठरते. भरपूर लोडवर गुणोत्तर वीसच्या आसपास असतं, आयडलिंगला ते चाळीस-पन्नासच्याही पुढे जातं.

आकड्यांत बघा. समजा आयडलिंगला सेन्सर सेकंदाला ७ ग्रॅम हवा दाखवतोय. डिझेलसाठी धरलेल्या १४.५ च्या गुणोत्तराने भागून अ‍ॅप तासाला साधारण २.१ लिटर डिझेल दाखवेल. प्रत्यक्षात चार सिलिंडरचं इंजिन ८०० आरपीएमवर, दर फवाऱ्याला ५ मिलीग्रॅम घेत असेल, तर तासाला ०.५७ लिटर लागतं. चूक साडेतीन पटींहून जास्त आहे. त्यात ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) उघडला की सेन्सरवरची हवा घटते, इंधन मात्र तेवढंच राहतं, म्हणजे चूकही एकसारखी राहत नाही. सगळ्यांत ढळढळीत चूक उतारावर दिसते. गिअरमध्ये पेडल सोडलं की ईसीयू इंधन पूर्ण बंद करतो, पण हवा इंजिनातून जातच असते, आणि अ‍ॅप शांतपणे लिटर मोजत राहतं. मी सुरुवातीचे कित्येक महिने अशाच नोंदी जमवल्या आणि नंतर सगळ्या टाकून द्याव्या लागल्या. डिझेलसाठी हा मार्ग घेऊ नका.

गाडी स्वतः देते तो दर

ओबीडीच्या प्रमाणित यादीत प्रत्येक माहितीला एक क्रमांक असतो, त्याला पीआयडी म्हणतात. पीआयडी ५ई म्हणजे इंजिनाचा इंधन दर, लिटर प्रति तास. गाडीने तो दिला तर काम सोपं होतं. त्याची पायरी ०.०५ लिटरची आहे. हायवेवर तासाला सहा लिटर जात असताना हे पुरेसं बारीक आहे. आयडलिंगच्या ०.५७ लिटरवर मात्र एकेक पायरी जवळजवळ नऊ टक्क्यांची पडते. नव्या यादीत पीआयडी ए२ आहे. तो दर फवाऱ्याचं इंधन मिलीग्रॅममध्ये देतो आणि त्याची पायरी मिलीग्रॅमच्या बत्तिसाव्या भागाची आहे. तुमच्या गाडीत तो असेल तर उत्तम, पण अनेक गाड्यांत नसतो. अडॅप्टर विकत घेण्याआधी एखाद्याचा उसना घेऊन गाडी कुठले पीआयडी देते ते बघून घ्या. पैसे वाचतील.

अडॅप्टरबद्दल एक गोष्ट. बाजारात ईएलएम३२७ (अडॅप्टरमधली चिप) च्या नावाने मिळणारे स्वस्त नकली तुकडे काही आज्ञा ओळखतच नाहीत, आणि वेगही फार कमी देतात. चार-पाच गोष्टी एकाच वेळी मागितल्या तर प्रत्येकीचं उत्तर सेकंदाला एकदा किंवा त्याहून कमी वेळा येतं. ओव्हरटेक सहा-सात सेकंदांत संपतो, तेवढ्यात हाती पाच-सहाच नोंदी लागतात. म्हणून मोजक्याच गोष्टी मागा: आरपीएम, इंधन, गाडीचा वेग, आणि फार तर रेल प्रेशर.

कंपनीची डायग्नोस्टिक भाषा

माझ्या मते बहुतेकांनी इथेच थांबावं. प्रत्येक कंपनीच्या ईसीयूत प्रमाणित यादीपलीकडची बरीच माहिती असते, आणि त्या कंपनीसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर व केबल घेतली की ती उघडते. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांसाठी व्हीसीडीएस प्रसिद्ध आहे, इतर कंपन्यांसाठीही अशी साधनं आहेत. यात मागितलेलं आणि प्रत्यक्ष रेल प्रेशर शेजारी-शेजारी दिसतं, दर फवाऱ्याचं इंधन मिलीग्रॅममध्ये दिसतं, आणि सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे प्रत्येक सिलिंडरचं करेक्शन दिसतं.

हे करेक्शन समजून घ्यायला हवं. आयडलिंगला ईसीयू क्रँकशाफ्टचा वेग बारकाईने बघतो. एखाद्या सिलिंडरच्या ठोक्यानंतर वेग कमी पडला तर त्याला थोडं जास्त डिझेल देतो, जोरात उसळला तर थोडं कमी देतो. म्हणजे क्रँकशाफ्टच्या निमित्ताने इंजिन स्वतःच इंजेक्टरची परीक्षा घेत असतं. माझ्या गाडीच्या नोंदीत चार आकडे असे होते: उणे ०.६, उणे ०.७, अधिक १.९, उणे ०.५. बेरीज जवळजवळ शून्य. एकूण इंधनाचा आकडा अगदी व्यवस्थित दिसत होता, आणि फक्त तोच बघितला असता तर मी गाडी ठणठणीत समजून सोडून दिली असती. पण तिसऱ्या सिलिंडरला पाच मिलीग्रॅमच्या हुकमावर जवळजवळ दोन मिलीग्रॅमची वरकड लागत होती.

अधिक करेक्शन दिसलं म्हणजे इंजेक्टरच बिघडला असं मात्र नाही. कॉम्प्रेशन कमी असलं तरीही हेच दिसतं. मी पुढे लीक-ऑफ टेस्ट केली. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या (न फवारलेलं डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या) काढून चार सारख्या पारदर्शक बाटल्यांत सोडायच्या, इंजिन काही मिनिटं चालवायचं आणि कुठली बाटली किती भरते ते बघायचं. तिसरी बाटली बाकीच्यांच्या दुपटीहून जास्त भरली. डिझेल आत फवारलं जायच्या ऐवजी रिटर्नमध्ये वाहून चाललं होतं. चार बाटल्या आणि थोडी नळी एवढ्यावर जे कळलं, ते कुठल्याही लॉगरने एकट्याने सांगितलं नसतं. या चाचणीत हात फक्त कमी दाबाच्या रिटर्न नळ्यांना लावायचा. रेल ते इंजेक्टर जाणाऱ्या धातूच्या पाइपांचे नट चालू इंजिनावर कधीही सैल करू नका. तिथे आयडलिंगलाही २५०-३०० बार असतात, लोडवर १६०० च्या वर, आणि एवढ्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी ताबडतोब शस्त्रक्रियेची वेळ येते.

इंजेक्टरच्या वायरवरून पल्स मोजणं

इलेक्ट्रॉनिक्सची आवड असणाऱ्यांना हा मार्ग खुणावतो. इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला ते मायक्रोकंट्रोलरने मोजायचं, आरपीएम त्याच सिग्नलमधून मिळतो, आणि नोंद एसडी कार्डवर. पेट्रोलच्या पोर्ट इंजेक्शनमध्ये हे सुरेख चालतं, कारण तिथे दाब जवळपास स्थिर असतो. डिझेलच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सामायिक पाइपाच्या पद्धतीत, वेळ एकटा पुरत नाही. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, म्हणजे ३०० बारवर जेवढं जातं त्याच्या साधारण दुप्पट १२०० बारवर त्याच वेळात जातं. त्यामुळे रेल प्रेशरही तेवढ्याच वेगाने नोंदवावं लागतं.

त्यात एका ठोक्यात एकच फवारा नसतो. आधी एक-दोन मिलीग्रॅमचा पायलट, मग मुख्य फवारा, आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ होत असताना उशिराचे पोस्ट फवारेही असतात. पायलटची पल्स इतकी छोटी असते की इंजेक्टरची सुई पूर्ण उघडायच्या आधीच परत बसायला लागते. तिथे वेळ आणि इंधन यांचं सरळ प्रमाण उरत नाही. त्या इंजेक्टरचा टेस्ट बेंचवर काढलेला तक्ता नसेल तर मिलीग्रॅममध्ये उत्तर मिळणार नाही, फक्त मिलिसेकंद मिळतील.

जोडणीचाही धोका ओळखा. इंजेक्टरची दोन्ही टोकं ईसीयू चालवतो, त्यातलं एकही साधं ग्राउंड नसतं. ऑसिलोस्कोपच्या प्रोबची ग्राउंड क्लिप तिथे लावली तर ईसीयूचा ड्रायव्हर जाऊ शकतो. सोलेनॉइड (विजेच्या चुंबकाने उघडणाऱ्या) इंजेक्टरला उघडताना साठ-ऐंशी व्होल्टचा झटका दिला जातो, पिझोला (विजेने लांबणाऱ्या स्फटिकाने उघडणाऱ्याला) शंभरच्या वर. वायर न कापता, तिच्याभोवती करंट क्लॅम्प लावून बघणं हाच शहाणपणाचा रस्ता. पिझो इंजेक्टरचा प्लग तर चालू इंजिनावर काढूच नये, कारण उघडलेल्या अवस्थेत चार्ज अडकला तर इंजेक्टर उघडाच राहू शकतो.

एवढं सगळं करून जे दिसतं ते मात्र डोळे दिपवणारं असतं. गाडी थंड असताना पायलट कसे वाढतात, आणि गाडी तापल्यावर ते कसे मुख्य फवाऱ्याजवळ सरकतात, हे पडद्यावर बघण्यात अभ्यासाचा खरा आनंद आहे. तुम्हाला तोच हवा असेल तर जरूर करा. अ‍ॅव्हरेज शोधायला मात्र हे नको.

नळीत बसवलेला फ्लो मीटर

प्रत्यक्ष इंधन मोजणारा म्हणून हा सगळ्यांत प्रामाणिक वाटतो, पण डिझेलमध्ये रिटर्न लाइन त्याचा घात करते. टाकीतून तासाला ६० लिटर येतं आणि ५४ परत जातं असं धरा. इंजिनाने खाल्लं ६ लिटर. दोन्ही मीटर एक टक्का अचूक असले, तरी चूक पहिल्यात ०.६ आणि दुसऱ्यात ०.५४ लिटर. दोन्ही उलट दिशेने चुकले तर ६ लिटरवर १.१४ लिटर, म्हणजे १९ टक्के. शिवाय परतणारं डिझेल गरम होऊन फुगलेलं असतं. चाळीस अंशांच्या फरकाने आकारमान तीन टक्क्यांहून जास्त बदलतं, आणि त्यात बुडबुडेही असतात. रिटर्न टाकीत न सोडता कूलरमधून मीटरच्या पुढे जोडून एकाच मीटरवर काम भागवता येतं. प्रयोगशाळेत डब्यातलं डिझेल काट्यावर तोलतात, ते आणखी खात्रीचं. रोजच्या वापरातल्या गाडीत नळ्या कापून हवा शिरायला आणि गळतीला जागा करून देणं मला पटत नाही.

टाकी फुल्ल करून बघणं

लॉगरची खरी पारख इथेच होते. एकाच पंपाच्या एकाच नॉझलवर, पहिल्या क्लिकला थांबून भरा. डिझेलला फेस येतो, त्यामुळे एका भरणीत अर्धा लिटर इकडे-तिकडे होणारच, म्हणून किमान तीन टाक्यांची बेरीज घ्या. समजा लॉगच्या बेरजेत १२३.६ लिटर आले आणि पंपावर १३०.५ भरले. मग तुमचा गुणक १.०५६. पुढच्या प्रत्येक नोंदीला त्याने गुणा. हा गुणक सहा महिन्यांत १.०५६ वरून १.०९ कडे सरकायला लागला, तर हुकूम आणि प्रत्यक्ष यांतलं अंतर वाढतंय. मग गळती आहे का ते बघा आणि इंजेक्टर तपासायला काढा.

मिलीग्रॅमचे लिटर करताना घनता लक्षात ठेवा. युरोपीय मानकानुसार १५ अंशांवर डिझेलची घनता लिटरला ८२० ते ८४५ ग्रॅम असते. चार सिलिंडरच्या इंजिनात मिनिटाला आरपीएमच्या दुप्पट ठोके पडतात. २००० आरपीएमवर २० मिलीग्रॅम म्हणजे मिनिटाला ८० ग्रॅम, तासाला साधारण पावणेसहा लिटर. डीपीएफ साफ होत असताना मात्र एक गोष्ट तपासा: तुमच्या गाडीचा इंजेक्शनचा आकडा पोस्ट फवारे धरून आहे की फक्त ताकद देणारं इंधन दाखवतो? सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना डीपीएफ साफ व्हायला लागला, तरी लॉगमधला आकडा जागचा हलला नाही, तर पोस्ट फवारे त्यात धरलेले नाहीत आणि ती टाकी गुणकातून वगळा.

कॉमन रेल प्रवासी गाड्यांत १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ पासून आली. गाडी त्याआधीच्या रोटरी पंपाच्या पिढीतली असेल तर वायरवरची पल्स विसराच, कारण इंजेक्टर दाबाने उघडतात, त्यांना उघडणारी वायरच नसते. काही इंजिनांत एका इंजेक्टरवर सुई कधी उचलली ते सांगणारा सेन्सर असतो, पण तो टायमिंगसाठी. तिथे पंप इलेक्ट्रॉनिक असेल तर डायग्नोस्टिक केबल आणि टाकी, पूर्ण मेकॅनिकल असेल तर फक्त टाकी आणि वही.