.३१५ सॉफ्ट नोज: रानडुकरासाठी भरवशाचं काडतूस, पण शंभर मीटरच्या आत

आधी कायद्याचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. मुरबाड-शहापूरकडे भातात रानडुकरं घुसतात म्हणून कुणी परस्पर गोळी झाडू शकत नाही. कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी हवी आणि रायफलीचा परवाना वेगळा. हे दोन्ही कागद हातात असतील, तरच कोणतं काडतूस घ्यायचं हा प्रश्न येतो.

देशी कारखान्याची .३१५ रायफल ली-एन्फिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या बोल्टवर, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्यावर बेतलेली आहे. काडतूस मूळचं ऑस्ट्रियाचं, ८ बाय ५० मॅनलिकर. इंग्रजांनी .३०३ सारखी लष्करी बोअर (नळीचं माप) खासगी हातांत जाऊ नये असं ठरवलं, तेव्हा ही बोअर इथे रुजली. गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे जवळपास १६ ग्रॅम, आणि वेग सेकंदाला ६०० मीटरच्या आसपास. आजच्या मानाने ती संथच आहे. तरी रानडुकरासाठी आम्ही हिलाच पसंती देऊ. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली कूर्चेसारखी जाड ढाल असते. हलकी, वेगवान गोळी तिथेच फुटून उथळ जखम करते आणि जखमी जनावर रानात पळून तडफडत मरतं. जड सॉफ्ट नोज, म्हणजे उघड्या शिशाच्या मऊ टोकाची गोळी, आधी आत शिरते, मग पसरते. डुकराचं काळीज-फुप्फुस खाली आणि पुढे असतं. आडवं उभं असेल, तर पुढच्या पायाच्या मागच्या रेषेत, अंगाच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम धरावा. गाईच्या अंदाजाने मध्यावर धरला, तर गोळी पोटात जाते.

अंतर मात्र पाळायलाच हवं. १०० मीटरवर नेम जुळवलेला असेल, तर २०० मीटरवर गोळी फूटभर खाली लागते. .३०-०६ या अमेरिकन काडतुसाची १८० ग्रेनची गोळी तिथे साधारण अर्धी वीतच उतरते. उघड्या माळावर लांबून मारायचं असेल, तर .३०-०६ सरस, यात वाद नाही. आफ्रिकेत कायदेशीर शिकारीला जाणाऱ्यांनी कुडूसारख्या हरणांसाठी तीच भाड्याने घ्यावी, रानम्हशीसाठी .३७५ हॉलंड. १९१२ चं हे काडतूस ३०० ग्रेनची गोळी सेकंदाला ७७० मीटरने फेकतं. .३१५ त्या कामाचं नाही.

पाड्यांच्या जवळ सगळ्यात जपायचं ते गोळीच्या पुढच्या प्रवासाला. सपाट बांधावरून मारलेली गोळी चुकली, तर मैलापेक्षाही लांब जाऊ शकते. मचाणावरून, खाली मातीत घुसेल अशा कोनातच चाप ओढावा.

.३१५ अडकते ती बहुधा भरण्यातल्या चुकीने. काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे बसली पाहिजे. मागे राहिली, तर बोल्ट पुढे ढकलताना दोन्ही कडा एकमेकींत अडकतात, आणि ते नेमकं दुसऱ्या गोळीच्या वेळी होतं. एकेक भरताना प्रत्येक काडतूस अंगठ्याने दाबावं आणि वरचं किंचित पुढे सरकवून पाहावं. शिशाचं टोक चेपलेलं असेल, तर ते काडतूस सरावाला बाजूला काढावं.

ठाण्याच्या पावसाळ्यात साठवणीचीही काळजी हवी. चामडी पट्ट्यात काडतुसं महिनोन्‌महिने ठेवू नयेत. कमावलेल्या चामड्यातलं आम्ल आणि दमट हवा मिळून पितळेवर हिरवा थर चढतो, मग केस, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या खोबणीत) घट्ट बसते आणि निघता निघत नाही. तो थर काढायला पितांबरी लावून धुऊ नये, टोपीच्या, म्हणजे बुडाच्या दारू पेटवणाऱ्या भागाच्या, सांध्यातून पाणी आत जातं. तेलाचा हातही नको, तेल झिरपलं की टोपी मरते. कोरडं फडकं, घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि डबा कुलपात.

चाप ओढूनही बार झाला नाही, तर बोल्ट लगेच उघडू नये. नळी मातीकडे धरून निदान अर्धा मिनिट थांबावं. दारू उशिरा पेटू शकते, आणि तेव्हा बोल्ट उघडा असेल तर केस तोंडावर फुटते.