सी ड्राइव्ह मोकळी करताना: सात महिन्यांचा अनुभव

डीटीपीच्या कामासाठी माझ्याकडे 128 जीबी एसएसडीचा लॅपटॉप आहे. सात महिन्यांपूर्वी विंडोज 10 वरून 11 वर गेले आणि दुसऱ्याच दिवशी सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली. जेमतेम 4 जीबी शिल्लक. जुन्या विंडोजचं उरलेलं सामान, म्हणजे ‘विंडोज डॉट ओल्ड’ हे फोल्डर, 23 जीबी अडवून बसलं होतं. डिलीट केलं तर ‘ट्रस्टेड इन्स्टॉलर’ची, म्हणजे विंडोजच्याच अंतर्गत खात्याची, परवानगी हवी म्हणे. मी ॲडमिनिस्ट्रेटर असूनही!

मग एका व्हिडिओत पाहून कमांड प्रॉम्प्टमधून (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून) फोल्डरची मालकी स्वतःकडे घेतली. अर्धं पुसलं गेलं, अर्धं तसंच राहिलं. एवढ्या खटाटोपाची गरजच नव्हती. डिस्क क्लीनअप उघडायचं, खालचं ‘क्लीन अप सिस्टम फाइल्स’ दाबायचं, थोडं थांबायचं. नव्यानं भरलेल्या यादीत ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स’ दिसतं, तिथं टिक करायची. ते बटण दाबल्याशिवाय ती ओळ येतच नाही आणि बरेच जण तिथूनच माघारी फिरतात. उरलेलं सगळं माझं असंच गेलं.

घाई मात्र नको. अपग्रेडनंतर 10 दिवस याच फोल्डरच्या जोरावर जुन्या विंडोजवर परत जाता येतं. विंडोज नव्यानं टाकलं असेल, तर आतलं ‘यूझर्स’ उघडून बघा. डेस्कटॉपवरच्या जुन्या फाइल्स तिथं असू शकतात.

माझी खरी चूक पुढची. मालकी घ्यायची युक्ती हाताशी होतीच, म्हणून विंडोजच्या पोटातलं ‘इन्स्टॉलर’ नावाचं लपवलेलं फोल्डरही मी रिकामं केलं. 9 जीबी मिळाले. दोन महिने काही बिघडलं नाही. तिसऱ्या महिन्यात बिलिंगच्या सॉफ्टवेअरचं अपडेट आलं आणि ते कुठलीशी एमएसआय फाइल (प्रोग्रॅम बसवायची फाइल) मागू लागलं. अपडेट होईना, अनइन्स्टॉलही होईना. ऐन मार्चअखेरीला दोन दिवस गेले, शेवटी विंडोज पुन्हा टाकावं लागलं. त्या फाइल्स कचरा नसतात, प्रोग्रॅम दुरुस्त करायला आणि काढायला त्याच लागतात. पुसल्याचा त्रास इतक्या उशिरा होतो, की दोन्हींचा संबंध लवकर लक्षातही येत नाही.

हायबरनेट, म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून लॅपटॉप बंद करायची सोय, बंद केल्यावर 3 जीबी सुटले. त्यानं लॅपटॉप लवकर सुरू करणारा फास्ट स्टार्टअपही बंद होतो, पण एसएसडीवर मला फरक जाणवला नाही.

‘विनएसएक्सएस’ या फोल्डरचा, म्हणजे विंडोजचे सुटे भाग ठेवणाऱ्या कंपोनंट स्टोअरचा, आकडा बघून मात्र घाबरू नका. त्यातल्या बऱ्याच फाइल्स हार्ड लिंकनं (एकच फाइल दोन ठिकाणी दिसेल अशा रीतीनं) विंडोजच्या इतर फोल्डरांशी जोडलेल्या असतात, त्यामुळे एक्सप्लोरर त्या दोन-दोनदा मोजतो. ‘डिझम’ ही कमांड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून कंपोनंट स्टोअर तपासलं, की खरा आकार वेगळा दिसतो आणि सफाई करावी की नाही, तेही येस किंवा नो असं स्पष्ट लिहून येतं. माझ्याकडे एक्सप्लोररनुसार 11 जीबी, प्रत्यक्षात 8 आणि सफाईपुढे नो. तिथं मी काहीच केलं नाही. आज सी ड्राइव्हवर 31 जीबी मोकळी आहे.