३२ चौकोनांचा तक्ता आणि टायमर : आठ महिने वापरल्यानंतर

लहान मुलांची चित्रपुस्तकं मी स्वतः लिहिते, चित्रंही मीच काढते आणि छापूनही स्वतःच घेते. पहिल्या पुस्तकाला अडीच वर्षं लागली. रोज काही ना काही करत होतेच. पण आज एक ओळ बदल, उद्या मुखपृष्ठाचा रंग, परवा फाइलचा आकार, असं सगळं एकमेकांत गुंतलेलं. पुस्तक कुठवर आलंय, असं कुणी विचारलं की उत्तर सुचायचं नाही. म्हणून दुसऱ्या पुस्तकाला हात घातला तेव्हा दोन गोष्टी आणल्या : भिंतीवर ३२ चौकोनांचा तक्ता (एक चौकोन म्हणजे पुस्तकाचं एक पान) आणि टेबलावर टायमर. आठ महिने दोन्ही वापरून झाले. तक्ता मी आता सोडणार नाही. टायमरबद्दलचं मत थोडं वेगळं आहे.

३२ हा आकडा छापखान्यातून येतो. मोठा कागद छापून त्याच्या घड्या घालतात, अशा एका घडीत, म्हणजे फॉर्ममध्ये, ८ किंवा १६ पानं बसतात, म्हणून चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं असतं. मागणीनुसार छपाई करताना हे बंधन इतकं कडक नसतं, तरी मी ते पाळलं. पानं मोजकी असली की गोष्ट पसरत नाही.

पहिल्याच तक्त्यात मी चूक केली, आणि ती इथे सांगायलाच हवी. चौकोनांच्या जोड्या मी १-२, ३-४ अशा पाडल्या. दोन आठवडे त्यावर कच्ची चित्रं काढली. मग आठ कोरे कागद दुमडून, मधोमध टाचून डमी, म्हणजे पुस्तकाची कच्ची प्रतिकृती केली आणि लक्षात आलं, की पान १ एकटं असतं, पान ३२ एकटं असतं आणि समोरासमोर येतात ती २-३, ४-५ अशी पानं. माझं प्रत्येक जोडचित्र मधूनच दुभंगत होतं! शिवाय उत्सुकता ताणायची ती उजव्या पानावर, म्हणजे विषम आकड्यावर, आणि उलगडा पान उलटल्यावर डावीकडे. माझा उलगडा समोरच दिसत होता. तेव्हा तक्ता आखण्याआधी डमी करा, दहा मिनिटांचं काम आहे.

दुसरा तक्ता नीट आखला. मजकूर पक्का झाला की चौकोनाच्या कोपऱ्यात पिवळा ठिपका, कच्चं रेखाटन झालं की निळा, पक्कं चित्र झालं की हिरवा. नियम एकच : एका बैठकीत एकाच रंगाचं काम. मजकुराला बसले की ब्रशला हात लावायचा नाही. माझा वेग वाढला तो या नियमामुळे. पूर्वी चित्र अडलं की मी वाक्य बदलायची, वाक्य बदललं की चित्र चुकीचं वाटायचं, आणि संध्याकाळी दोन्ही अर्धवट. आता उठताना निदान एक ठिपका दिलेला असतो.

तक्त्यावर अडचणही दिसते. पान १४-१५ तीन आठवडे कोरं राहिलं. आजूबाजूला निळे ठिपके, मध्ये ही पांढरी जागा. रोज नजर तिथेच जायची. शेवटी कळलं, की त्या एका जोडपानात मी हत्तीचं पिल्लू हरवतंही आणि त्याला पाऊसही लागतो, असं दोन्ही कोंबलं होतं. पाऊस पुढच्या पानावर नेला आणि त्याच दिवशी रेखाटन झालं.

टायमरसाठी मी पोमोडोरो पद्धत घेतली. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती. फ्रान्चेस्को चिरिलोने १९८० च्या दशकाच्या अखेरीस काढलेली. मजकुरासाठी ती उत्तम. २५ मिनिटांत एक पान मोठ्याने पाच-सहा वेळा वाचून होतं, नको ते शब्द आपोआप गळतात. माझा मजकूर ७०० शब्दांवरून ४३० वर आला. पण जलरंगाला ही पद्धत लावू नका. ओला थर वाळायच्या आत घंटा वाजली की हात थांबतो आणि कडेला डाग पडतो. दोन पानं मी अशी गमावली. आता चित्रांसाठी टायमर बंद. एक थर पूर्ण होईपर्यंत बसायचं.

महिन्यातून एकदा डमी भाचीला वाचून दाखवली, ती पाच वर्षांची आहे. ‘आवडलं का?’ हा प्रश्न मी विचारतच नाही, तिचे हात बघते. पान ९ वर माझं वाचून व्हायच्या आधीच तिने पान उलटलं, लागोपाठ दोन वेळा. तिथल्या चार ओळींच्या दीड केल्या.

शेवटच्या टप्प्याला मात्र तक्ता पुरा पडत नाही. कडेला ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून चित्राचा जास्तीचा भाग), चित्रं ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके), शिवणीजवळ कुणाचा चेहरा किंवा अक्षरं नकोत, हे सगळं चौकोनात दिसत नाही. त्याची वेगळी यादी करावी लागली. कुठे छापायचं, हेही आधी ठरवायला हवं होतं. केडीपीवर, म्हणजे ॲमेझॉनच्या स्वतःचं पुस्तक स्वतः छापण्याच्या सेवेवर, पेपरबॅकला किमान २४ पानं लागतात, पण हार्डकव्हरला ७५. जाड पुठ्ठ्याचं चित्रपुस्तक मनात धरून मी मुखपृष्ठावर बारा दिवस घालवले, मग पुन्हा पेपरबॅकच्या मापाने बसवलं. प्रूफ प्रत (तपासणीसाठी छापलेली नमुना प्रत) हातात आल्यावर रात्रीचं निळं आकाश जवळजवळ काळं दिसलं. पडद्यावरचा उजेड कागदात नसतो. तीन चित्रं उजळ करावी लागली.

विक्रीच्या कामाला या पद्धतीचा काही उपयोग नाही. त्यासाठी मी शुक्रवार वेगळा काढलाय, इतर दिवशी त्या कामाकडे बघत नाही.

एकूण आठ महिन्यांत मजकूर, चित्रं आणि दुसरी प्रूफ प्रत. चित्रं दुसऱ्याकडून काढून घेत असाल तरी तक्ता करा, चित्रकाराशी बोलताना ‘ते मधलं पान’ असं म्हणावं लागत नाही. तिसऱ्या पुस्तकाचा तक्ता कालच लावला. यात पान १ ते ३ वर आधीच फुली मारली आहे, कारण तिथे शीर्षक आणि प्रकाशनाचा तपशील जातो. गोष्टीला उरतात २९ चौकोन.