रात्रीच्या पाण्याला घेतलेली सर्चलाइट: उजेड पक्का, सेल फसवे

डब्यावर पांढऱ्या शेपटीच्या टोकाचा तांबूस विलायती कोल्हा आणि त्याच्यावर बंदूक रोखलेला माणूस, असं चित्र असलेली ही चार्जिंगची सर्चलाइट मी कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतून घेतली. सोबत लाल आणि हिरवी काच, बंदुकीच्या नळीवर बसवायची लोखंडी पकड, दोन सेल आणि चार्जर. किंमत 1,850 रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हाच माल वेगवेगळ्या नावांच्या डब्यांतून विकतात. नावापेक्षा काय बघून घ्यायचं ते कळलेलं बरं.

आमचं रान पन्हाळ्याच्या पायथ्याला. ऊस जास्त, कडेला मका आणि भुईमूग. मोटरीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. आमचे हे साखर कारखान्यावर, हंगामात त्यांची पाळीही बऱ्याचदा रात्रीचीच, त्यामुळे रात्रीच्या पाण्याला दारं मोडायला, म्हणजे एका सरीतलं पाणी दुसरीत वळवायला, मी आणि माझे दीर जातो. म्हणजे हा दिवा मी शिकारीला नाही, सरीतलं पाणी बघायला आणि बांधापलीकडं कोण आहे हे कळायला घेतला. त्या कामात तो कसा आहे, एवढंच सांगते.

उजेडाला नावं ठेवायला जागा नाही. तळहातापेक्षा रुंद, खोल वाटीचा आरसा आहे, म्हणून झोत पसरत नाही, लांब जातो. आमच्या विहिरीपासून ओढ्याकाठच्या बाभळीपर्यंत खोड न् खोड दिसतं. डब्यावर एक लाख लुमेन (उजेडाचं माप) छापलंय त्यावर विश्वास ठेवू नका. एवढ्याशा सेलवर एवढा उजेड पडणं शक्यच नाही. लांबवर बघायला आरसा मोठा लागतो, आकडा मोठा असून भागत नाही. मात्र उजेड पांढराफटक आहे. थंडीत ओढ्याकडून धुकं चढलं की समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. तुमचं रान नदीकाठाला, पंचगंगेच्या किंवा कासारीच्या मळीत असेल तर पिवळसर उजेडाचा दिवा मागा. आणि हा झोत पायाखाली काही कामाचा नाही. बांधावर घोणस पडलेली असते, तिचे डोळे लांबून चमकून सांगत नाहीत. पायाशी बघायला डोक्याला बांधायची साधी बॅटरी वेगळी लागतेच.

आता डोळ्यांचं. कुत्रं, मांजर, गुरं, कोल्हा यांच्या डोळ्यांत पडद्यामागं आरशासारखा थर असतो, त्यावर उजेड आपटून आला त्याच वाटेनं परत जातो. म्हणून दिवा कमरेशी धरला तर चमक अर्धीमुर्धीच दिसते, आणि तोच कानाजवळ, आपल्या नजरेच्या रेषेत आणला की लांबचे डोळेही एकदम पेटल्यासारखे दिसतात. हे कुठल्याच डब्यावर लिहिलेलं नसतं. दीर दिवा खाली धरून "वहिनी, काय न्हाई तिकडं," म्हणाले, आणि त्याच जागी मी दिवा कानाशी धरला तर मक्याच्या कडेला दोन ठिपके. थोडे हलले, विझले, पुन्हा पेटले. जनावरानं मान वळवली, तेव्हा बारीक तोंड आणि उभे कान दिसले. कोल्हाच होता.

रानडुकराला मात्र हा थर नसतो. अख्खा कळप भुईमुगात असला तरी डोळा चमकत नाही, नुसती काळी ढेकळं दिसतात, ती हलली की समजायचं. डोळे दिसले नाहीत म्हणून रान मोकळं आहे असं धरून चालू नका. आधी दिवा बंद करून कान द्या, ढाळं मोडल्याचा आणि मचमच खाल्ल्याचा आवाज येतो.

लाल काच मला सगळ्यात आवडली. लाल उजेडात जनावर लवकर बुजत नाही, किडेही तोंडावर कमी येतात, आणि दिवा बंद केल्यावर आपल्या डोळ्यांना अंधार लगेच सरावतो. पांढऱ्या झोतानंतर थोडा वेळ सरी न् बांध एकच होऊन जातात, तसं होत नाही. लांबचं मात्र लाल उजेडात कमी दिसतं. हिरवी काच मी एकदा लावून काढून ठेवली.

राहिली ती लोखंडी पकड. विलायतेत रात्री दिव्यावर फॉक्स, म्हणजे डब्यावरचा तो तांबूस कोल्हा, मारतात, वसंतात कोकरं वाचवायला मेंढपाळ शेतकरी बंदूकवाल्याला बोलावतात. तिथं 2004च्या कायद्यानं इंग्लंड-वेल्समध्ये कुत्र्यांच्या टोळीनं फॉक्स मारणं बंद झालं, दिवा-बंदुकीला मात्र मुभा राहिली. हा दिवा त्या कामासाठीच बनवलाय, पकडीचे आटे तेच सांगतात. आपल्याकडं तो नियम नाही, आणि दुकानदारानं "रानातल्या कोल्ह्याला चालतंय की," म्हटलं म्हणून कुणी ती पकड नळीवर चढवू नये. वन्यजीव संरक्षण कायदा 1972चा. 2022च्या दुरुस्तीनंतर कोल्हा आणि खोकड (आपल्याकडचा फॉक्स) दोन्ही पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहेत. मारलं तर किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि किमान 25,000 रुपये दंड. शेतीसंरक्षणाचा बंदूक परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे.

आमच्या सासऱ्यांच्या तरुणपणी ठासणीची बंदूक आणि कार्बाइडचा दिवा घेऊन माणसं माळावर जायची. दाजीपूरचं जंगल तर संस्थानाचं शिकारीचं राखीव रान, तिथंच आज गव्यांचं राधानगरी अभयारण्य आहे. सासरे तो काळ चांगला म्हणत नाहीत, पण एक गोष्ट अजून बजावतात: "डोळं दिसलं म्हणून बार काढायचा न्हाई, सूनबाई. अंग दिसाय पायजे. आन् त्याच्या मागं काय हाय ते बी." आमच्या शिवारात धनगर मेंढरं बसवायला येतात, रानात पाल ठोकून बायका-पोरांसह झोपतात, कुत्री भोवती फिरत असतात. दिव्यात कुत्र्याचे आणि कोल्ह्याचे डोळे नुसत्या चमकेवरून मला आजही वेगळे ओळखू येत नाहीत. विलायती शिकाऱ्यांचाही पहिला नियम हाच आहे, डोळ्यांवर गोळी झाडायची नाही. बंदूक नसली तरी हा नियम मी पाळते. डोळे दिसले की दगड भिरकावायचा नाही, फटाका पेटवायचा नाही, आधी जनावर ओळखायचं. गवा असेल तर झोत त्याच्या तोंडावरून काढायचा, आवाज न करता मागं सरायचं आणि वनखात्याच्या 1926 या नंबरला कळवायचं.

आणि कोल्ह्याला हाकलायलाही मी आता फार धावत नाही. कोल्हा काकडीला राजी म्हणतात ते खरंच आहे, मक्याची चार कणसं तो खातो, कधी ऊसही चावतो. पण उसाच्या फडातले उंदीर आणि घुशीही तोच खातो, आणि घुशीनं पोखरलेल्या बांधातून रात्री पाणी फुटलं की काय होतं ते दारं धरणाऱ्याला विचारा. माझ्या मक्यातली कणसं त्याची, मला मान्य आहे.

शेवटी सेल, कारण पैसे वाया जातात ते इथं. डब्यातल्या सेलवर 9900 एमएएच (सेलमध्ये वीज किती साठते त्याचं माप) छापलेलं होतं. या मापाचा, म्हणजे 18650 नंबरचा चांगल्यात चांगला सेल साधारण 3500च्या आसपास असतो. त्याच्या वरचा आकडा दिसला की सेल खोटा समजायचा. हातात घेतला तरी कळतं, खरा सेल वजनाला भरतो, हा पोकळ वाटत होता. पाणी अर्ध्या फडात पोचायच्या आत उजेड मंदावायचा. दुकानदारानं बदलून द्यायला नकार दिला, दिव्याला गॅरंटी आहे, सेलला नाही म्हणाला. शेवटी दुसरीकडून नावाजलेल्या कंपनीचे दोन सेल वेगळे पैसे मोजून घेतले. घेताना सेलचं टोक सपाट आहे की उंचवट्याचं ते दिवा सोबत नेऊन बसवून बघा, नाहीतर झाकणाची स्प्रिंग टेकत नाही. चार्जरही बदलला, कारण जुना चार्जर सेल भरल्यावरही तापत राहायचा. असला चार्जर रात्रभर गोठ्यात लावून झोपू नका, पाचट आणि वैरण शेजारीच असते.

हे सगळं धरून दिवा अडीच हजारांच्या पुढं गेला. तरी मी तो परत दिला नसता. डब्यातल्या सेलसकट कुणी 1,850 मागत असेल तर सेल काढून किंमत सांग म्हणावं, काही दुकानदार देतात.