कॉलेजचा संचालक की क्लबचा स्ट्रेंथ कोच?

गोव्यात बी.पी.एड. करून 'कॉलेजात स्ट्रेंथ कोच, म्हणजे वजनांच्या सरावातून खेळाडूंची ताकद वाढवणारा प्रशिक्षक, व्हायचंय' म्हणणाऱ्याने आधी पदाचं नाव नीट बघावं. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठाने १९६९ साली बॉइड एप्ली यांना याच कामासाठी नेमलं आणि तिथे ते स्वतंत्र पद झालं. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नियमांत आहे तो कॉलेजचा शारीरिक शिक्षण संचालक. वजनांची खोली चालवायची तर याच खुर्चीतून, नाहीतर फुटबॉल क्लब किंवा अकादमीत जायचं.

संचालकपदाला पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, नाहीतर पीएच.डी. लागते. शिवाय शारीरिक चाचणी असते. ३० वर्षांपर्यंतच्या पुरुषांना १२ मिनिटांत १८०० मीटर, महिलांना ८ मिनिटांत १००० मीटर. नियमित नेमणुकीत सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. कंत्राटी नेमणुकीला हा वेतनाचा आकडा लागू नाही. सरकारी कॉलेजच्या जाहिरातीत १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला आणि कोकणीचं ज्ञान मागतात, तेव्हा कागद आधीच काढून ठेवा.

क्लबात नेट कोणी विचारत नाही. तिथे सीएससीएससारखं, म्हणजे स्ट्रेंथ कोचचं अमेरिकन, प्रमाणपत्र कामाला येतं. त्यासाठी पदवी आणि सीपीआरचा (हृदय बंद पडल्यावरच्या प्रथमोपचाराचा) दाखला हवा. परीक्षा दोन भागांत, ९५ आणि १२५ प्रश्नांची, एकूण चार तासांची. संचालकपदाच्या पात्रतेत मात्र ते धरत नाहीत. क्लबचा करार बहुधा हंगामापुरता. मुख्य प्रशिक्षक बदलला की त्याच्याबरोबर अख्खा चमू बदलू शकतो.

कामात खरा फरक आहे तो खेळाडूंत. क्लबचा खेळाडू तयार असतो. सामन्यावरून दिवस मोजायचे, जड स्क्वॉट (वजनांचा बार खांद्यावर घेऊन बैठका) तीन-चार दिवस आधी उरकायचे, आदल्या दिवशी पाय ताजे ठेवायचे. कॉलेजात येतो तो बार कधी खांद्यावर न घेतलेला मुलगा. पण तो निदान तीन वर्षं तुमच्याकडे असतो, रिकाम्या २० किलोच्या बारपासून स्वतःच्या वजनाएवढ्या स्क्वॉटपर्यंत तुम्हीच त्याला नेता. ज्याला शिकवण्यात गोडी आहे त्याने कॉलेजच निवडावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

त्याची किंमतही कळू दे. संचालकाचा दिवस आंतरमहाविद्यालयीन संघांची निवड, पात्रतेचे अर्ज, खरेदीची कोटेशनं आणि मैदानाचं आरक्षण यांत जातो. वजनांना सकाळचा एखादा तास उरतो. चार रॅक (बार ठेवायचे स्टँड) आणि २४ खेळाडू असले तर १२ जण रॅकवर, तिघे-तिघे. उरलेले १२ मॅटवर पुश-अप, लंज आणि प्लँक. २५ मिनिटांनी अदलाबदल. एकाचा सेट ४० सेकंदांचा धरला तर बाकी दोघांचे सेट होईपर्यंत त्याची विश्रांती आपोआप होते.

सगळ्यात मोठी चूक होते जूनमध्ये. मे महिना घरी बसलेल्या मुलांना पहिल्याच दिवशी शंभर उठाबशा काढायला लावतात. दोन दिवसांनी मांड्या सुजतात आणि लघवी काळ्या चहासारखी होते. म्हणजे स्नायू फुटून त्यातला माल रक्तात उतरला, मूत्रपिंडाला धोका, तडक हॉस्पिटल. हे टाळायला नव्या खेळाडूंसाठी ५०-३०-२०-१० चा नियम आहे: ठरलेल्या धावण्यातून पहिल्या आठवड्यात निदान ५० टक्के कमी, मग ३०, २०, १०. पूर्ण आराखडा १०० मीटरच्या १० धावांचा असेल तर आधी ५, मग ७, ८, ९. क्लबात डॉक्टर किंवा फिजिओ हाताशी असू शकतो, कॉलेजात बहुतेक वेळा तुम्ही एकटेच.

पावसाळ्यात बारला गंज धरतो, आपल्या खाऱ्या हवेत तर लवकरच. सराव झाला की कोरड्या फडक्याने घाम पुसायचा, आठवड्यातून एकदा नायलॉनच्या ब्रशने खाचा घासून पातळ तेलाचा हात फिरवायचा. रबरी मॅट उचलून खालची ओल सुकवायची. कॉलेजात नवा बार मंजूर व्हायला वेळ लागतो, म्हणून हे नेमाने करायचं काम.

क्लबात जाणार असलात तरी नेट आधी काढा. सकाळ-संध्याकाळच्या सरावात नंतर अभ्यासाला वेळ सापडत नाही.

आणि कॉलेजात मुलाखतीला गेलात तर खोली बघायला मागा: रॅक किती, छत गळतं का, पंखा चालतो का, आणि सकाळी सहाला किल्ली कोणाकडे असते.