कॉन्स-एंडोचे एमडीएस: सीट घेण्याआधी विभागात काय पाहावे

नीट-एमडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या, समुपदेशनात कॉन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री आणि एंडोडॉन्टिक्स (थोडक्यात कॉन्स-एंडो: दात भरून आणि रूट कॅनल करून वाचवण्याची शाखा) या शाखेला मागणी मोठी असते. त्याचबरोबर एक प्रश्नही हमखास येतो: रूट कॅनल तर इंटर्नशिपपासूनच करतो, मग त्यासाठी आणखी तीन वर्षे कशाला? आमचे मत असे की पुढचे दात आणि सरळ कॅनलच्या (मुळातल्या नळीच्या) दाढाच करायच्या असतील तर चांगला सराव पुरतो. आधीच्या उपचारात बिघडलेला दात वाचवायला घ्यायचा असेल, तर मात्र ही तीन वर्षे लागतातच. ती कुठे घालवायची हे ठरवताना एवढेच पाहावे की त्या विभागात पीजीला (पदव्युत्तर विद्यार्थ्याला) कोणकोणत्या टप्प्यावर थांबवून तपासतात.

अभ्यासक्रमाचा सांगाडा भारतीय दंत परिषदेच्या २०१७ च्या नियमांनी ठरलेला आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक महाविद्यालयांची परीक्षा नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. पहिल्या वर्षाअखेर पायाभूत विज्ञानांचा पेपर, तिसऱ्याच्या शेवटी उरलेले पेपर, प्रात्यक्षिक आणि तोंडी, मधल्या काळात प्रबंध. हे सगळीकडे सारखेच असल्याने माहितीपत्रके चाळून फारसे काही कळत नाही. फरक पडतो तो खुर्चीशी.

पहिले काही महिने काढलेल्या दातांवर जातात आणि ते कंटाळवाणे वाटतात. चांगल्या विभागात याच काळात वरची पहिली दाढ पुन्हा पुन्हा उघडायला लावतात, कारण तिच्या मेसिओबक्कल (पुढच्या, गालाकडच्या) मुळातला दुसरा कॅनल, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला एमबी-टू, सुटणे हे दाढ पुन्हा दुखायला लागण्याचे नेहमीचे कारण आहे. पहिला एमबी आणि पॅलेटल (टाळूकडचा) कॅनल यांना जोडणाऱ्या रेषेवर किंवा तिच्या किंचित मेसियल (पुढच्या) बाजूला तो सापडतो. वर डेंटिनचे (दाताच्या आतल्या कठीण थराचे) छज्ज्यासारखे आवरण असते. ते राउंड बरने (गोल टोकाच्या ड्रिलने) खणले की बर फर्केशनमध्ये (मुळे फुटतात त्या जागी) उतरतो आणि दाढेला भोक पडते. मॅग्निफिकेशनखाली अल्ट्रासॉनिक टिपने मिलिमीटर-दोन मिलिमीटर चर हळूहळू खाली नेणे, ही इथली खरी शिकवण. दात नंतर आडवा कापून काय सुटले ते दाखवणारा शिक्षक मिळाला तर उत्तमच.

पुढचा टप्पा वर्किंग लेंथचा, म्हणजे कॅनलमध्ये किती खोल जायचे त्या मोजमापाचा. दहा नंबरची के-फाईल (कॅनल घासायची बारीक सुई), एपेक्स लोकेटर (मुळाचे टोक शोधणारे यंत्र), मग आयओपीए (दाताचा छोटा एक्स-रे). लोकेटरचा आकडा डोळे झाकून घेणारे पुष्कळ. चेंबर (दाताच्या आतली पोकळी) हायपोने, म्हणजे कॅनल धुवायच्या सोडियम हायपोक्लोराइटने, भरलेला असेल किंवा फाईल धातूच्या क्राउनला टेकली असेल तर यंत्र खोटे बोलते. चेंबर कोरडा करून पुन्हा मोजावे, एक्स-रेशी ताडावे आणि मुळाच्या रेडिओग्राफिक टोकाच्या अर्धा ते एक मिलिमीटर अलीकडे थांबावे. मास्टर कोनचा (कॅनल भरायच्या मुख्य शंकूचा) एक्स-रे शिक्षकाने पाहून सही केल्याशिवाय ऑब्ट्युरेशन (कॅनल भरणे) करू देत नाहीत का, हे जरूर विचारा. जिथे ही सही दिवसअखेर एकगठ्ठा होते, तिथे लॉगबुक भरते आणि हात कच्चाच राहतो.

रोटरी (मोटरवर फिरणारी) फाईल तुटणे हा पीजीचा सर्वात मोठा धसका. तुटण्याची कारणे दोन. टोक अरुंद जागी अडकते आणि मोटर फिरतच राहते, किंवा वाकड्या कॅनलमध्ये फाईल एकाच जागी फिरत ठेवल्याने धातू थकतो. पहिल्यावर उपाय म्हणजे दहा-पंधरा नंबरच्या हाताच्या फाईलने आधी मोकळी वाट करणे. दुसऱ्यावर उपाय म्हणजे आत-बाहेर हलकी हालचाल, दर काही फेऱ्यांनी फ्लूट (फाईलवरच्या खाचा) पुसून पाहणे आणि ठरलेल्या वापरानंतर फाईल टाकून देणे. वेग आणि टॉर्क उत्पादकाने दिलेलेच ठेवावेत. हाताची फाईल आधी न वाकवता ढकलली किंवा मधला नंबर गाळला की लेज (कॅनलच्या भिंतीत पायरी) तयार होते, आणि ती ओलांडण्यात पुढची अख्खी अपॉइंटमेंट जाते.

इरिगेशनबाबत (कॅनल धुण्याबाबत) आम्ही सर्वात कडक आहोत. कॅनलच्या ज्या भिंतींना फाईल लागतच नाही त्या द्रवानेच स्वच्छ होतात. ३ टक्के किंवा त्याहून तीव्र सोडियम हायपोक्लोराइट, ३० गेजची बाजूला छिद्र असलेली सुई, वर्किंग लेंथच्या दोन मिलिमीटर अलीकडे, आणि सुई सतत सैल हलती. सुई अडकवून जोराने दाबले की हायपो मुळाबाहेर जातो: तत्क्षणी असह्य वेदना, कॅनलमधून रक्त, काही मिनिटांत गालाला सूज. शेवटी १७ टक्के ईडीटीए (भिंतीवर घासून बसलेला थर काढणारा द्रव) मिनिटभर, मग पुन्हा हायपो. क्लोरहेक्सिडीन (जंतुनाशक) वापरायचे असेल तर मध्ये सलाइनने धुवावे, नाहीतर तपकिरी साका बसतो. आणि हे सारे रबर डॅम (दात तोंडापासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावूनच. ज्या ओपीडीत गर्दीचे कारण सांगून डॅम कपाटात राहतो, तिथली सीट आम्ही सुचवणार नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची किंमत रिट्रीटमेंटवर (आधी झालेला रूट कॅनल पुन्हा करण्यावर) ठरते. जुनी गटापर्चा (कॅनलमध्ये भरलेले रबरासारखे द्रव्य) काढणे, पोस्ट (मुळात बसवलेली खुंटी) सोडवणे, तुटलेला तुकडा बायपास करणे, पडलेले भोक एमटीएने (सिमेंटसारख्या द्रव्याने) बुजवणे, हे मायक्रोस्कोपशिवाय नीट शिकता येत नाही. विभागात मायक्रोस्कोप आहे एवढ्याने भागत नाही. आठवड्यात पीजीला तो किती तास मिळतो ते विचारा. कव्हर घातलेले यंत्र निरीक्षणाच्या दिवशीच उघडत असेल तर ते नसल्यातच जमा. शासकीय महाविद्यालयात फी कमी आणि रुग्ण भरपूर, पण दुखणे थांबले की गावाहून आलेला माणूस वर्षभराने तपासणीला येत नाही, त्यामुळे आपले काम टिकले का हे कळायचे राहून जाते. खाजगीत उपकरणे बहुधा नवी, फी लाखांत. तिथे विद्यावेतन प्रत्यक्ष किती मिळते हे चालू पीजीकडूनच समजून घ्यावे. लूप्स (डोळ्यांवर लावायची भिंगे) आणि फाईल्सचा खर्च अनेक ठिकाणी विद्यार्थ्यावरच पडतो, तो आधीच धरून चालावे.

नावातल्या 'कॉन्झर्व्हेटिव्ह'ला पुष्कळजण विसरतात. कंपोझिट (दाताच्या रंगाचे भरण), इनले (बाहेर बनवून बसवायचे भरण), पोस्ट-कोर यांत बराच वेळ जातो आणि कास्टिंगबद्दल (धातूच्या ओतकामाबद्दल) कुरकुर होते. आमच्या मते मार्जिन (भरण आणि दात जुळतात ती कड) पाहायला डोळा तिथेच तयार होतो.

दोन-तीन दिवसांच्या रोटरी कोर्सचेही बोलू. नवी फाईल सिस्टीम समजून घ्यायला ते पैसे वसूल करतात. पण तिथला सराव बराचसा रेझिन ब्लॉकवर होतो. रेझिन उष्णतेने मऊ होऊन फाईलला धरते, डेंटिन तसे वागत नाही, शिवाय पारदर्शक ब्लॉकमध्ये कॅनल डोळ्यांना दिसत असतो. असे प्रमाणपत्र मिळाले म्हणून पाटीवर 'एंडोडॉन्टिस्ट' लिहू नये. तज्ज्ञ म्हणवून घ्यायला त्या शाखेची मान्य पदव्युत्तर पदवी लागते.

निवड भरण्याआधी एकदा सकाळी अकराच्या सुमारास पीजी क्लिनिकमध्ये जाऊन उभे राहा. किती खुर्च्यांवर रबर डॅम दिसतो ते मोजा. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला लॉगबुकमधल्या शेवटच्या काही रिट्रीटमेंट्स दाखवायला सांगा, आधीचा आणि नंतरचा एक्स-रे दोन्ही, वर्षभराने काढलेला असेल तर तोही. मग फाईल किती वेळा वापरली याची नोंद कुठे ठेवतात ते विचारा. ही नोंदच नसेल तर ती सीट यादीत खाली न्यावी.